जुन्या तुळयांचा किचन ओटा: करा, पण सिंकपासून लांब

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की कोकणातलं आजोळचं घर उतरवलं, त्यातल्या सात-आठ तुळया आणि थोडे वासे पुण्याला आणून पार्किंगमध्ये ठेवलेत, आणि त्याचा किचनमध्ये लाकडी ओटा स्वतः करायचाय. ओटा एल आकाराचा आहे, सुतार म्हणतोय "साहेब, लाकूड टिकत नाही, ग्रॅनाइटच बरा", आणि तुमच्याकडे ड्रिल आणि सर्क्युलर सॉ सोडून फारसं काही नाही. मी २२ वर्षं लाकूडकाम करतोय, त्यातले सहा-सात ओटे लाकडाचे केले, एक स्वतःच्या घरी, आणि तो पहिला बिघडवला पण. त्यामुळे सांगतो.

सुतार पूर्ण चुकीचा नाहीये. तो ज्या किचनचा विचार करतोय तिथे रोज रात्री ओट्यावर तांब्याने पाणी ओतून, घासून, वायपरने सिंकमध्ये ढकलतात. आपल्याकडे ओटा पुसत नाहीत हो, धुतात. परदेशातले व्हिडिओ बघून आपण लाकडी ओटा करायला निघतो पण त्यांच्या ओट्यावर बादलीभर पाणी कोणी ओतत नाही आणि फोडणीचं तेलही एवढं उडत नाही. म्हणून माझं सरळ मत, एलची जी बाजू सिंक आणि गॅसची आहे तिथे ग्रॅनाइट राहू दे, आणि दुसरी कोरडी बाजू, जिथे मिक्सर, डबे, पोळ्या लाटणं, भाजी निवडणं चालतं, ती लाकडाची करा. ती साधारण ६ फूट बाय २ फूट असेल असं धरतो. दीड इंच जाडी ठेवली तर तयार माल दीड घनफूट होतो, कापाकापी-रंध्यात जाणारं धरून अडीच घनफूट कच्चा माल हाताशी ठेवा. सागाचा असेल तर तयार फळा २७-२८ किलोचा होईल, म्हणजे दोन माणसं लागतील बसवायला.

आता सगळ्यात आधी, ते लाकूड साग आहे हे कोणी सांगितलं? कोकणातल्या जुन्या घरातलं लाकूड म्हटलं की सगळे सागवान म्हणतात, पण तुळया बऱ्याचदा ऐनाच्या नाहीतर किंजळीच्या निघतात, आणि दारं-कपाटं फणसाची किंवा शिवणीची. एका कोपऱ्यात रंधा मारून आतलं ताजं लाकूड बघा. साग असेल तर हाताला किंचित तेलकट लागतो आणि नव्या चामड्यासारखा वास येतो, एकदा घेतलात की विसरणार नाही. फणस आत पिवळाधमक असतो, हवा लागून हळूहळू तपकिरी होतो. ऐन काळपट तपकिरी, जड, आणि रंध्याचं पातं बोथट करून सोडतो. साग निघाला तर उत्तमच. फणस निघाला तरी नाराज होऊ नका, मी तर म्हणेन ओट्यासाठी फणस छान, आकाराने स्थिर राहतो आणि दिसतोही सुंदर. ऐन मात्र हलतो फार आणि तडकतो, त्याची बाकडी करा, ओटा नको. आणि कुठलंही असलं तरी कडेचा जो फिकट पांढरा भाग असतो तो कापून टाका, कीड तिथूनच सुरू होते, सागाचाही पांढरा भाग काही अमर नसतो.

दुसरं खिळे. मी एकदा वाड्याच्या तुळईच्या फळ्या पाडून एका मशीनवाल्याकडे रंध्याला नेल्या, सगळे खिळे काढलेत असं छातीठोक सांगितलं, आणि तिसऱ्याच फळीत आत मोडून राहिलेला हातघडणीचा खिळा निघाला, पात्याला हा एवढा खड्डा. पात्यांचा सेट मी भरून दिला, चूक माझीच होती. तेव्हापासून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीच्या चारी बाजूंनी इंच-इंच फिरवतो, दोरा जिथे तिरका होतो तिथे खडूची खूण. लाकडावर काळानिळा डाग दिसला तर तिथे आत लोखंड आहेच असं समजा. आणि तुळयांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासत बसू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं, आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या शेवटी लागू झाली. तो वरचा थर करवतीने पातळ काढून टाकायचा, मास्क लावून, आणि भुसा घरात येऊ द्यायचा नाही.

तुळया सॉ मिलमध्ये नेऊन दोन इंची फळ्या पाडून घ्या, हे घरी करायचा हट्ट नको. लोक म्हणतात शंभर वर्षांचं लाकूड आहे, वाळलेलंच असणार. घरात असेपर्यंत वाळलेलंच होतं, पण घर उतरवल्यावर ते अंगणात किती पावसाळे पडलं होतं? शिवाय जाड तुळईच्या पोटातलं पाणी आणि सालीकडचं पाणी वेगळं असतं. मिलमधून आणलं की फळ्या घरातच, ज्या खोलीत ओटा होणार त्याच्या जवळपास, एकावर एक रचा आणि मध्ये दर दीड फुटावर पाऊण इंची पट्ट्या घाला, हवा खेळली पाहिजे. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात नाहीतर फळ्या तिथेच वाकायला शिकतात. मॉइश्चर मीटर ऑनलाइन स्वस्तातला मिळतो तो घ्या, आणि फळी कापून मधल्या ताज्या भागावर टोचा, वरवर नाही. पुण्यात मे महिन्यात माझ्या वर्कशॉपमधलं लाकूड ८-९ टक्के दाखवतं, ऑगस्टमध्ये तेच लाकूड १३-१४. तुमचा आकडा दोन आठवडे हलेनासा झाला की कामाला लागायचं.

आणि खरी मेख याच आकड्यात आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागासारखं शहाणं लाकूडसुद्धा दोन फुटी रुंदीत मे ते ऑगस्ट एक ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुगतं, फळी कशी पाडलीय त्यावर ठरतं. फळीच्या टोकाला बघा, वर्षाच्या रेषा उभ्या दिसत असतील तर कमी हलेल, आडव्या पसरलेल्या असतील तर जवळपास दुप्पट. दोन सूत म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण ते अडवलं तर लाकूड काहीतरी फोडतं, एक तर स्वतःला नाहीतर समोरच्याला. माझ्या पहिल्या ओट्याला मी मागे भिंतीला घट्ट भिडवून पुढे ग्रॅनाइटची पट्टी लावली होती, आणि तेल फक्त वरून दिलं, खालून कोण बघतंय म्हणून कोरडाच ठेवला. जुलैत एका सकाळी आईने हाक मारली, ओट्यावर चहा सांडला होता आणि तो मधोमध वाहत जाऊन थांबला होता. सरळ मोजपट्टी आडवी ठेवून बघितलं, दोन्ही कडा वर आलेल्या, मध्ये अर्धा इंच खोल. होडीच झाली होती. खालच्या कोरड्या बाजूने दमट हवा प्यायली, वरची तेलाने बंद, मग काय होणार.

तर जोडकाम. अख्ख्या रुंद फळ्या वापरायचा मोह होईल, आजोळचं लाकूड आहे, मोठं मोठं दिसावं असं वाटतं, पण अडीच-तीन इंची पट्ट्या पाडून जोडा, पीळ पडायचा धोका पुष्कळ कमी होतो. जोडाच्या कडा सरळ आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, असल्या पाहिजेत. हाताच्या रंध्याने गुण्यात कड येणं नवख्याला अवघड, त्यावर एक जुनी युक्ती आहे. शेजारी येणाऱ्या दोन पट्ट्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींना लावून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) धरायच्या आणि दोन्हींच्या कडा एकदम रंधायच्या. रंधा थोडा कलला तरी एकीचा कोन जेवढा जास्त तेवढाच दुसरीचा कमी, उघडून जोडल्या की पृष्ठभाग सपाटच येतो. मग एकीवर दुसरी उभी ठेवून खिडकीसमोर धरा. उजेडाची चीर कुठेही दिसता कामा नये. दिसली तर परत रंधा, शिकंजाने दाबून चीर बुजवू असं म्हणू नका, दाबून बुजवलेली चीर दोन पावसाळ्यांत परत तोंड उघडते.

जोडात डोवेल (गोल लाकडी खुंट्या), बिस्किटं (चपट्या लाकडी चकत्या) वगैरे लागतात का? मजबुतीसाठी नाही, नीट जुळलेल्या कडेला गोंदच लाकडापेक्षा जास्त पक्का असतो. पट्ट्या वर-खाली सरकू नयेत म्हणून चार-चार डोवेल टाकले तर नवख्याला सोपं जातं एवढंच. गोंद साधा पांढरा नको, फेविकॉल मरीन किंवा टायटबॉन्ड थ्री असला पाण्याला टिकणारा घ्या. सागात तेल असतं म्हणून कडा रंधल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून लगेच गोंद लावा. आणि पुण्याच्या उन्हाळ्यात गोंद दहा मिनिटांत साय धरायला लागतो, सगळ्या पट्ट्या एकदम जोडायला गेलात तर शेवटच्या पट्टीपर्यंत पहिली वाळलेली असेल. म्हणून आधी १२ इंची दोन अर्धे भाग करा. याचा अजून एक मोठा फायदा, मशीनवाल्यांकडचा थिकनेसर बहुतेक वेळा बारा-तेरा इंची फळी घेतो, तर दोन्ही भाग त्यातून काढून एकसारख्या जाडीचे करून आणता येतात, मग घरी फक्त मधला एकच जोड तुमच्या हातचा राहतो.

शिकंजे दर फुटाला एक, आणि एक वरून एक खालून असे आलटून पालटून, नाहीतर फळा कमानीसारखा उचलतो. भाड्याने किंवा ओळखीच्या सुताराकडून आणा, एका ओट्यासाठी सात शिकंजे विकत घेणं परवडत नाही. गोंद कडेने बारीक मण्यांसारखा सगळीकडून सारखा बाहेर आला की दाब बरोबर आहे. कुठे ओघळ आणि कुठे कोरडं असेल तर कड बरोबर नाही. ते मणी ओल्या फडक्याने पुसू नका, गोंद पसरून लाकडाच्या रेषांत जातो आणि तेल दिल्यावर पांढरट डाग उठतात, अर्ध्या-पाऊण तासाने रबरासारखे झाले की पटाशीने खरवडा. रात्रभर तसंच ठेवा.

तुळयांत जुनी भोकं, खाचा असतील. त्या लपवायची काही गरज नाही, त्याच लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवा नाहीतर काळ्या रंगाची एपॉक्सी भरा. भुसा-फेविकॉलचं लुकण भरू नका, ते तेल पीत नाही आणि ठिगळासारखं दिसत राहतं.

फळ्याच्या दोन टोकांना आडवी पट्टी गोंदाने किंवा खिळ्याने मारायची आपल्या सुतारांना फार हौस. करू नका, फळा रुंदीत फुगणार आणि पट्टी लांबीत फुगणार नाही, एक तर पट्टी उखडते नाहीतर फळा चिरतो. टोकं उघडीच ठेवा, फक्त ती पाणी सगळ्यात जास्त पितात, नळ्यांची तोंडंच असतात ती, म्हणून ग्रॅनाइटकडच्या टोकाला पातळ एपॉक्सीचे दोन हात द्या. पुढच्या कडेला खालून एक इंच आत राउटरने एक बारीक खाच मारा, सांडलेलं पाणी त्या खाचेशी येऊन थेंब होऊन पडतं, फळ्याच्या पोटाखाली ट्रॉलीपर्यंत जात नाही. ही खाच माझ्या मते सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट.

बसवताना सिमेंट नको, पूर्ण पोटाला सिलिकॉन पण नको. तुमचा जुना ओटा कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर असेल, त्यावरचा ग्रॅनाइट त्या बाजूने काढून घ्या. ग्रॅनाइटवरच लाकूड ठेवू का असं बरेच जण विचारतात, त्याने खालची हवा बंद होते आणि होडीचा किस्सा परत. कडाप्प्यावर किंवा ट्रॉलीच्या प्लायवर २ इंची पट्ट्यांची चौकट करा, त्यावर फळा, खालून हवा लागेल असा. चौकट आणि फळा जोडायला लोखंडी एल अँगल, त्यात पुढच्या बाजूच्या स्क्रूला साधं भोक आणि मधल्या-मागच्या स्क्रूला लांबट भोक, रुंदीच्या दिशेने लांबट, म्हणजे पुढची कड जागेवर राहते आणि फुगवटा सगळा मागे भिंतीकडे जातो. लाकडात जाणारे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. फळा दीड इंची आहे तर स्क्रू आत एक इंचापेक्षा जास्त जाणार नाही हे बसवण्याआधी मोजा, वरून टोक बाहेर आलेलं मी बघितलंय.

भिंतीकडे किती जागा सोडायची हे कुठल्या महिन्यात बसवताय त्यावर. मार्च-एप्रिलमध्ये बसवलं तर पुढे फुगणार, तीन सूत सोडा. ऑगस्टमध्ये बसवलं तर लाकूड आधीच फुगलेलं असतं, एक सूत पुरे. वर भिंतीला पातळ लाकडी पट्टी किंवा टाइल अशी लावा की फट झाकली जाईल, पट्टी भिंतीला चिकटवायची, फळ्याला नाही. ग्रॅनाइट आणि लाकूड जिथे भेटतात तिथे लाकूड अर्धा इंच वर ठेवा आणि मध्ये पितळेची उभी पट्टी सिलिकॉनमध्ये बसवा, धुतलेलं पाणी तिथेच अडेल. धुणाऱ्या मावशींना पण पहिल्या दिवशी दाखवून सांगा की ही बाजू फक्त पिळलेल्या फडक्याने. आमच्याकडे मावशींनी मलाच सुनावलं होतं, एवढा खर्च करून धुता पण येत नाही असा कसला ओटा.

पॉलिशचा वाद मोठा आहे, मी माझं सांगतो. मेलामाइन पॉलिश नको, कडक असतं, भांडं आपटलं की टिचतं आणि टिचलेल्या जागेतून पाणी आत जाऊन खाली काळं पडतं. पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं, पण एकदा थर फुटला की दुरुस्तीला पूर्ण घासावं लागतं. स्वतः करणाऱ्याला तेलच बरं, कारण डाग पडला तर हातभर जागा घासून परत तेल देता येतं. ८०, १२०, १८० अशा पेपरने घासायचं, मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं, लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते परत १८० ने हलकेच काढायचे. त्याच्या पुढे बारीक पेपर नको, तेल मुरत नाही. मग टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) किंवा जवसाचं तेल, पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं कोरडं पुसून काढायचं, किमान दिवसभर थांबायचं, असे चार-पाच हात, खालच्या बाजूलाही तेवढेच. कच्चं जवस फार सावकाश वाळतं आणि पावसाळ्यात तर आठवडाभर चिकट राहतं, म्हणून हे काम थंडी ते मार्च या काळात करा. शेंगदाणा, खोबरेल ही घरातली तेलं अजिबात नकोत, ती वाळत नाहीत, नुसती खवट होतात.

आणि ही एक गोष्ट नीट वाचा. जवसाच्या किंवा टंग तेलाची फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं काडी न लावता आपोआप पेटतं. मी स्वतः एकदा डब्यातून धूर येताना पाहिलाय. फडकी दोरीवर एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रोजच्या वापरात, गरम कढई-कुकर थेट ठेवायचा नाही, लोखंडी तवा ओला ठेवायचा नाही, ओलं लोखंड आणि लाकडातला तुरट अंश मिळून काळं कडं उठवतात. उठलंच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतं, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा आणि तिथे परत तेल द्या. हळदीच्या डागाला मात्र घासत बसू नका. माझ्या ओट्यावर लोणच्याच्या मसाल्याचा चांगला वीतभर पिवळा पट्टा पडला होता, घरात बराच आरडाओरडा झाला, पण ती जागा पूर्वेच्या खिडकीखाली होती आणि चार-पाच दिवसांच्या कोवळ्या उन्हाने तो पट्टा आपोआप उडाला, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तुमची कोरडी बाजू खिडकीकडे येतेय का ते लिहा, आणि फळ्या पाडल्यावर टोकाकडून एक फोटो आणि मीटरचा आकडा टाका, कुठली पट्टी कुठे घालायची ते तेव्हा सांगतो.